सेकंडहँड सूर्यदुर्बीण: गच्चीवरचे चौदा महिने

ज्यांना सूर्यावरचे डाग बघायचे आहेत त्यांनी ही दुर्बीण घेऊ नये. डागांसाठी साध्या दुर्बिणीच्या तोंडावर बसवायचा चांगल्या प्रतीचा सौरफिल्टर मिळतो. त्यात काम भागतं आणि फिल्टर काढला की रात्री तीच दुर्बीण चंद्राकडे लावता येते. ही बया रात्री शून्य कामाची. चंद्राकडे लावली तर नुसता काळोख; मी लावून बघितलंय. ही घ्यायची ती हायड्रोजनच्या एका लाल रेषेत, म्हणजे त्याच्या एकाच ठरावीक लाल रंगात, सूर्य बघण्यासाठी, आणि त्यातही माझं ऐकाल तर एकाच गोष्टीसाठी: फिलामेंट, म्हणजे सूर्याच्या तबकडीवर दिसणाऱ्या काळ्या रेघा.

वस्तू अशी: भिंग ४० मिलिमीटरचं, फोकल लेंग्थ ४०० मिलिमीटर, बँडविड्थ (जेवढा रंगपट्टा आरपार जातो त्याची रुंदी) एक अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे नॅनोमीटरच्या दहाव्या भागाच्या, आसपास. हातभरही लांब नाही, वजन दीड किलोपर्यंत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत, आणि माझा नग जुना. पहिल्या मालकाने तो कुठे कसा ठेवला होता, देव जाणे. या आकाराच्या हायड्रोजन-अल्फा (त्या लाल रेषेचं हे नाव) दुर्बिणींची रचना थोड्याफार फरकाने अशीच असते, त्यामुळे माझा अनुभव बहुतेकांना लागू पडेल.

मी मिरजेचा. सबस्टेशनमध्ये ऑपरेटर म्हणून एकतीस वर्षं काढली, आता रिटायर. पुण्यातल्या एका हौशी माणसाने ही साठ हजारांना विकायला काढली होती. मी विचारलं तेव्हा नव्या दुर्बिणीचा भाव लाखाच्या वर सांगत होते. सौ.ला आकडा कळला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अहो, आयुष्यभर ऊन चुकवायला छत्री धरली, आता साठ हजार देऊन उन्हात बसा." त्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पहिल्या दिवशी काहीच दिसलं नाही. म्हणजे सूर्य दिसला, पण लाल काचेतून बघितलेल्या बटणासारखा, सपाट. अर्धा तास डोळा लावला, घाम पुसला आणि साठ हजार पाण्यात गेले असं धरून खाली आलो. चूक माझीच होती. गच्चीवरचा उजेड बाजूने डोळ्यात शिरतो, बाहुली आवळलेली राहते, आणि या दुर्बिणीतलं चित्र मुळात मंद. दुसऱ्या दिवशी डोक्यावरून काळा टॉवेल घेतला, आयपीससकट (डोळा लावायच्या भिंगासकट) तोंड झाकलं आणि दोन मिनिटं हललो नाही. तेव्हा हळूहळू त्या बटणावर पोत उमटायला लागला, संत्र्याच्या सालीसारखा. शेजारचा पोरगा पलीकडच्या गच्चीवरून ओरडला, "काका, वाफ घेताय का?" तर पहिली सूचना: टॉवेल दुर्बिणीचाच भाग समजा. तो डब्यात येत नाही एवढंच.

आत काय चालतं ते थोडक्यात. ४० मिलिमीटर भिंगावर भर उन्हात जवळजवळ सव्वा वॅट ऊन पडतं. डोळ्याच्या आवळलेल्या बाहुलीत जेवढं शिरतं त्याच्या चारशे पट. त्यातलं बहुतेक सगळं परतवून ६५६.२८ नॅनोमीटरभोवतीची एक चिंचोळी फट तेवढी उघडी ठेवायची, हे हिचं काम. समोरासमोर बसवलेल्या दोन अगदी समांतर चकत्यांमध्ये प्रकाश मागेपुढे आपटत राहतो आणि ठरावीक तरंगलांबीच तेवढी पार होते. याला एटालॉन म्हणतात, आणि दुर्बिणीची निम्मीअधिक किंमत त्याचीच. दीप्तिगोलाचा, म्हणजे रोज दिसतो त्या सूर्याच्या पृष्ठभागाचा, झगझगाट कापला की त्याच्यावरचा वर्णगोल हा पातळ थर दिसतो, आणि त्याच्याही वर करोनात, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या विरळ आवरणात, लोंबकळणारा थंड माल दिसतो. लाल काच, वेल्डिंगची काच, कॅमेऱ्याचा लाल फिल्टर, यातलं काहीही याची जागा घेऊ शकत नाही. आयपीसला नुसता रंगीत फिल्टर लावून सूर्य बघणाऱ्याला डोळा परत मिळत नाही. इथे चेष्टा नको.

आता फिलामेंट. मला हा शब्द बल्बमुळे ठाऊक होता. आमच्या धंद्यात फिलामेंट म्हणजे बल्बमधली सगळ्यात गरम गोष्ट, तापून पिवळी झालेली तार. सूर्यावर नेमकं उलटं. तिथलं फिलामेंट हे त्या परिसरातलं सगळ्यात थंड. थंड म्हणजे सात-आठ हजार अंशांचं. पण भोवतीचा करोना दहा-वीस लाख अंशांवर, त्यामुळे शब्दशः थंडच. खालून येणारा लाल प्रकाश हा हायड्रोजन शोषून घेतो, म्हणून तबकडीवर ती काळी रेघ दिसते. लहान पोराने पेन्सिलीने ओढलेली, मध्येच जाड, मध्येच तुटलेली. तीच रेघ सूर्याच्या फिरण्याबरोबर कडेला पोचली की मागे काळं आकाश येतं आणि ती उजळ ज्वाळेसारखी दिसायला लागते, तेव्हा तिला प्रॉमिनन्स म्हणतात. वस्तू एक, नावं दोन. हे पुस्तकात वाचलं होतं, पण एक काळी रेघ रोज थोडी थोडी सरकत आठव्या दिवशी कडेवर गेली आणि तिथे तिचं उजळ कुंपण उभं राहिलेलं बघितलं, तेव्हा पटलं. सूर्य ताटाएवढा धरला तर पृथ्वी तिळाएवढी. त्या कुंपणाखाली तीळ सहज मावत होते, आणि लांबीने तर रांगच लागली असती.

हा माल भोवतीच्या करोनाच्या शंभरेक पट दाट. मग खाली का पडत नाही? सगळी गंमत इथे आहे, आणि दुर्बिणीत जे दिसत नाही त्याचाच हा प्रश्न आहे. विद्युतभार असलेले कण चुंबकीय रेषेच्या कडेने घसरू शकतात, पण तिला ओलांडून जाऊ शकत नाहीत. दोन टॉवरमधल्या कंडक्टरला मध्ये झोळ पडतो तसा या रेषांनाही झोळ असतो, आणि त्या झोळात माल साचून राहतो. १९५७ मध्ये किपेनहान आणि श्ल्यूटर या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी असं चित्र गणितात मांडलं. माल स्वतःच्या वजनाने रेषेला झोळ पाडतो आणि त्याच झोळात टिकतो. पुढे १९७४ मध्ये कुपेरुस आणि राडू यांनी दुसरं चित्र दिलं, आज जास्त करून त्याच्याच वळणावर विचार होतो: पीळ घातलेल्या दोरखंडासारखा चुंबकीय रेषांचा जुडगा आडवा पसरलेला आहे, आणि त्याच्या वेढ्यांच्या खालच्या बाजूंत माल बसलाय.

मी रिकामटेकडा असल्यामुळे एक उद्योग केला. दुर्बिणीतून बघून कागदावर फिलामेंट काढायचं. त्याच दिवसाचा सूर्याचा चुंबकीय नकाशा इंटरनेटवर फुकट मिळतो. त्यात एक ध्रुव पांढरा, दुसरा काळा. नातीकडून तो माझ्या चित्राच्या मापाचा करून घ्यायचा आणि ट्रेसिंग पेपरवर दोन्ही एकावर एक ठेवायचं. (दुर्बिणीतली दिशा आणि नकाशातली दिशा जुळत नाही, कागद फिरवावा लागतो, पहिले दोन दिवस त्यातच गेले.) जुळवून बघितलं तर प्रत्येक फिलामेंट पांढऱ्या आणि काळ्याच्या हद्दीवर. नात म्हणाली, "आबा, हा तर बांध आहे!" तिचं बरोबर होतं. दोन मालकांच्या शेतांमधला बांध असतो ना, तसाच. इकडे उत्तर ध्रुव, तिकडे दक्षिण, आणि मधल्या बांधावर ही काळी वेल पसरलेली. तिच्यावरून एका शेतातून दुसऱ्या शेतात उतरणाऱ्या चुंबकीय कमानी गेलेल्या, शिरोळकडच्या पॉलिहाऊसच्या पाइपांसारख्या. कमानी दुर्बिणीत दिसत नाहीत. पण वेल कुठे आहे ते बघितलं की पॉलिहाऊस कुठे उभं आहे ते कळतं. जेवढा वेळ कमानी दाबून धरतात तेवढा वेळ वेल जागेवर. काही फिलामेंट सूर्याच्या दोन-तीन फेऱ्या टिकतात. एक फेरी आपल्याला इथून साधारण २७ दिवसांची दिसते, म्हणजे गेलेलं पाहुणं दोन आठवड्यांनी दुसऱ्या कडेवर पुन्हा हजर.

आता ती रिंग, जिच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसलो.

नळीवर मधोमध एक खडबडीत रिंग आहे. ती फिरवली की एटालॉनवरचा दाब बदलतो आणि ती चिंचोळी फट वर्णपटात किंचित इकडेतिकडे सरकते. माहितीपत्रकात एवढंच म्हटलंय की चित्र स्पष्ट होईपर्यंत फिरवा. म्हणजे सगळ्यात कामाची गोष्ट त्यांनी फोकसच्या घुंडीच्या लायकीला आणून ठेवली. रिंग हा खरं तर वेगमापक आहे. आपल्या दिशेने येणाऱ्या वस्तूचा प्रकाश निळ्या बाजूला सरकतो, लांब जाणाऱ्याचा लालकडे. या रेषेवर एक अँगस्ट्रॉम सरकणं म्हणजे सेकंदाला साधारण ४५ किलोमीटर. तेव्हा रिंग मध्यावर ठेवली की स्वस्थ बसलेला माल दिसतो आणि निळ्या बाजूला नेली की आपल्याकडे निघालेला. मी नातीच्या नेलपॉलिशचे तीन ठिपके लावलेत: मध्ये लाल, एका अंगाला निळा, दुसऱ्या अंगाला पांढरा, कारण तिच्याकडे तिसरा तोच होता. या तीन ठिपक्यांनी दुर्बिणीची किंमत माझ्या लेखी दुप्पट झाली.

मार्चातली गोष्ट. चार दिवस एका फिलामेंटवर पाळत होती. तबकडीच्या मध्याजवळ, स्वल्पविरामासारखं शेपूट वळलेलं. पाचव्या दिवशी सकाळी नवाच्या सुमाराला ते मला जरा फुगल्यासारखं वाटलं. कडा सैल, मधला भाग जाड. असं होतं कधी कधी आणि पुन्हा बसतंही, म्हणून फार मनावर घेतलं नाही. खालून हाक आली, "अहो, पोहे गार होतायत." गेलो. पंधरा-वीस मिनिटांनी वर आलो तर फिलामेंट गायब.

पहिला संशय रिंगवर, आमच्या टिंगूवर म्हणजे मांजरावर, तिपाईला लागलेल्या धक्क्यावर. ठिपका बघितला तर लाल ठिपका जागेवरच. बाकीची फिलामेंट ठणठणीत दिसत होती. मग डोक्यात आलं आणि रिंग हळूच निळ्या ठिपक्याकडे नेली. बाकीचा सूर्य फिका पडत गेला, इतर रेघा विरल्या, आणि त्या फिक्या तबकडीवर माझा स्वल्पविराम पुन्हा उमटला. पुसट, लांबलेला, मूळ जागेपासून जरा सरकलेला. म्हणजे तो गेला नव्हता, निघाला होता. आणि आपल्या दिशेने निघाला होता, सेकंदाला कित्येक किलोमीटर या वेगाने. टॉवेलखाली मी एकटाच बसलो होतो, आणि तोंडातून "अरे, उठला!" असं जोरात निघालं. खालून सौ. म्हणाली, "कोण उठलं?"

दहा-बारा मिनिटं तो त्या बाजूला दिसला, मग तिथूनही गेला, कारण वेग वाढून माझ्या रिंगच्या आवाक्याबाहेर पोचला असणार. रिंग परत मध्यावर आणली. जिथे तो होता त्याच्या दोन्ही अंगांना, बांधाच्या दोन्ही शेतांत, दोन पुसट उजळ पट्टे आले होते, एकमेकांना समांतर. याचं स्पष्टीकरण असं: वर जाणाऱ्या दोरखंडाने कमानी ताणून लांबवल्या, त्यांचे पाय त्याच्या खाली एकमेकांजवळ आले, तुटून नव्याने जोडले गेले, आणि मोकळी झालेली ऊर्जा रेषांवरून खाली पायथ्याशी आली. ते पायथे म्हणजे ते दोन पट्टे. संध्याकाळी उदयपूर वेधशाळेची त्या दिवसाची चित्रं उघडली. फतेहसागर तलावातली ही वेधशाळा गाँग नावाच्या सहा केंद्रांच्या जाळ्यात आहे, आणि आपल्या दिवसाउजेडी सूर्यावर नजर ठेवायचं काम तिच्याकडे. त्यातही तेच: नऊच्या चित्रात स्वल्पविराम आहे, पुढच्या चित्रांत विरत गेला, मग नाही. फ्रेंच शास्त्रज्ञांनी याला पूर्वीच 'अचानक नाहीसं होणं' अशा अर्थाचं नाव देऊन ठेवलंय. पण नाहीसं झालेलं कुठे गेलं ते बघायला रिंग लागते. उदयपूरचं ते फुकट चित्र रेषेच्या मध्यावरचं असतं, त्यात घरबसल्या फिरवायला रिंग नाही. साठ हजार कशाचे दिले, या प्रश्नाला माझ्याकडे आहे ते एवढं एकच उत्तर.

इतके दिवस निवांत पडून असलेला दोरखंड एकदम का सुटतो, हे मला ट्रान्सफॉर्मरमुळे समजलं. शॉर्टसर्किट झालं की वाइंडिंगमधून जो प्रचंड करंट जातो, तो बाहेरच्या वाइंडिंगला बाहेर फुगवायला बघतो. करंटचं कडं स्वतःच्याच चुंबकीय बलाने मोठं व्हायला धडपडतं. म्हणून तर वाइंडिंगला एवढं करकचून आवळलेलं असतं. सूर्यावरचा पीळदार दोरखंडही करंट वाहणारं कडंच, फक्त त्याचे दोन पाय सूर्यात रोवलेले. त्याला आवळतात त्या वरच्या कमानी. कमानींची पकड उंचीबरोबर कमी होत जाते. ती ज्या उंचीपासून फारच वेगाने कमी व्हायला लागते, तिथपर्यंत दोरखंड कसाबसा पोचला की पुढे त्याला कोणी धरत नाही. २००६ मध्ये क्लीम आणि टोरोक यांनी याचं गणित मांडलं. त्यामुळे आधी तासन्‌तास रेंगाळत वर सरकणं आणि मग एकाएकी सेकंदाला शेकडो किलोमीटर. कधी कधी कमानी पुरून उरतात. एप्रिलमध्ये एक फिलामेंट असंच फुगलं, निळ्या ठिपक्याकडे दिसलं, तासाभराने तो माल पांढऱ्या ठिपक्याकडे दिसायला लागला, म्हणजे परत खाली. लग्न मोडून वऱ्हाड घरी आल्यासारखं.

माझ्या मार्चातल्या स्वल्पविरामाचं पुढे काय झालं? पृथ्वीवर काही नाही. दोन-तीन दिवस मी पृथ्वीच्या चुंबकीय खळबळीचे निर्देशांक बघत बसलो, सुई जेमतेम हलली. नुसतं इकडे येऊन भागत नाही, सूर्यावरून सुटलेल्या मालाच्या ढगात गुंडाळलेलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे तोंड करून असावं लागतं, तरच ते आपल्या पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं. ३१ ऑगस्ट २०१२ ला सुटलेलं प्रसिद्ध फिलामेंट सेकंदाला १,४०० किलोमीटरहून जास्त वेगाने गेलं, पृथ्वीला नुसतं चाटून गेलं, तरी ३ सप्टेंबरला उत्तरेत ध्रुवप्रकाश दिसला. आणि आमच्या धंद्यातली गोष्ट म्हणजे १३ मार्च १९८९. ट्रेनिंगमध्ये सरांनी सांगितली तेव्हा थाप वाटली होती. कॅनडातल्या क्युबेकचं सगळं ग्रिड दीडेक मिनिटात बसलं आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात, कारण तीन दिवसांपूर्वी सूर्यावरून एक ढग सुटला होता. ढगाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलवलं, जमिनीतून न्यूट्रलवाटे (जमिनीला जोडलेल्या तारेवाटे) डीसीसारखा करंट चढला, ट्रान्सफॉर्मरचे गाभे सॅच्युरेट झाले, म्हणजे चुंबकत्वाने तुडुंब भरले, हार्मोनिक्स (करंटमधल्या नको त्या लहरी) वाढले आणि संरक्षक यंत्रणा एकामागून एक ट्रिप. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्याने असा दणका आपल्याला सहसा बसत नाही. तरी एकतीस वर्षं ज्या न्यूट्रलचं अर्थिंग तपासत होतो, त्याच्या दुसऱ्या टोकाचा खांब सूर्यावर आहे हे कळलं, आणि दुर्बिणीची इच्छा तिथून लागली.

आता तक्रारी. चित्र सगळीकडे सारखं चांगलं नसतं. मध्ये किंवा एका बाजूला एक पट्टा असतो, तिथेच फिलामेंट ठसठशीत. बाकी ठिकाणी पुसट. म्हणून अख्खा सूर्य एका दमात बघतो म्हणाल तर जमत नाही, सूर्याचा एकेक भाग त्या पट्ट्यात ओढत आणावा लागतो. २० मिलिमीटरच्या आयपीसने २० पट, १० च्या आयपीसने ४० पट. त्याच्या पुढे गेलात तर नुसता लाल धुरळा. ४० मिलिमीटरच्या भिंगाला सूर्यावर तीनेक हजार किलोमीटरहून बारीक काही वेगळं दाखवता येत नाही, वर कितीही ताणा. सोबत आलेला आयपीस फेकण्याच्या लायकीचा. सूर्य शोधायची इवलीशी खिडकी मात्र झकास आहे, त्यात ठिपका दिसला की दुर्बीण बरोबर लागली.

मोठी तक्रार गंजाची. आठव्या महिन्यात चित्र मंद व्हायला लागलं. मला वाटलं मोतीबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो, डोळे ठीक. मग टॉर्च मारून बघितलं तर आतल्या एका फिल्टरच्या कडेपासून तांबूस डागांचा थर आत सरकत आलेला. ओल लागली की फिल्टरच्या थराचं असं होतं म्हणे. दुरुस्तीला दिली ती एका मोठ्या शहरातल्या दुकानात. "पंधरा दिवसांत" म्हणाले. तीन महिने लागले, फिल्टर परदेशातून आला, कस्टममध्ये अडकला, आणि बिल नऊ हजार. फोन केला की पलीकडचा माणूस दरवेळी नवा आणि मला दरवेळी 'फिल्टर' शब्दापासून सुरुवात. काम मात्र चांगलं केलं, तेही सांगायला हवं. जून ते सप्टेंबर दुर्बीण आता स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पिशव्यांसकट. तो डबा लाडवांचा होता, यावरून घरात जे झालं ते रिव्ह्यूत नको.

आमच्याकडचा खास त्रास म्हणजे काजळी. कारखान्यांचा हंगाम लागला की गच्चीवर काळे कण पडतात, आणि पाचट पेटवलं की दुपारभर आकाश दुधाळ. काजळीचा कण भिंगावर पडला तर बोटाने पुसू नका, रबरी पंपाने फुंकर मारा. वेळ सकाळी आठ ते साडेदहाची धरा. त्यानंतर शेजारच्यांचे पत्रे तापतात आणि सूर्याची कड उकळत्या दुधासारखी हलायला लागते. मी तिपाईभोवती दोन बादल्या पाणी मारतो, अर्धा तास फरक पडतो.

एक गोष्ट मात्र मिरजकर म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. या लाल रेषेचं आणि आपल्या भागाचं जुनं नातं आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात पटवर्धनांच्या जमखंडीत, आमच्यापासून दोन-अडीच तासांवर, लेफ्टनंट जॉन हर्शेल स्पेक्ट्रोस्कोप (प्रकाशातले रंग सुटे करणारं यंत्र) घेऊन बसला होता. प्रॉमिनन्सच्या वर्णपटात त्याला सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या: लाल, नारिंगी, निळी. म्हणजे हा तापून चमकणारा वायू आहे हे त्या दिवशी ठरलं. गुंटूरला बसलेल्या जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने तर दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याच रेषेत प्रॉमिनन्स बघून दाखवले. माझी दुर्बीण जे करते ते त्याचंच. विजयदुर्गावर लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने हेलियम शोधला असं आपल्याकडे हौसेने सांगतात. तो त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. विजयदुर्ग बघायला जरूर जा, पण जमखंडीचं नाव कोणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं.

फुकटची चित्रं इतकी सुंदर असताना ही कशाला, असं भाचा विचारतो. खरं आहे. नासाच्या एसडीओ यानाची चित्रं दर बारा सेकंदांना येतात. आपल्या आदित्य-एल१ वरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत घडली, यान ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून सूर्य बघतंय, आणि तिच्यापुढे माझी नळी म्हणजे पिपाणी. भाच्याला सांगितलं, मॅच टीव्हीवर जास्त नीट दिसते, तरी तू वानखेडेला जातोसच ना.

पाचपैकी साडेतीन. रिंग नसती तर दोन. सूर्य कमाल सक्रियतेच्या काळात पोचल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये नासा आणि नोआ या अमेरिकी हवामान संस्थेने जाहीर केलं होतं. असा चढ साधारण अकरा वर्षांनी येतो आणि उतरतीच्या काळातही मोठी फिलामेंट मिळतात, तेव्हा घ्यायची तर लवकर घ्या. एरवी काही आठवडे असे जातील की तबकडीवर दोन बारक्या रेघांपलीकडे काही नाही. ते चालणार नसेल तर पैसे ठेवा.

जुनी घेताना दोन गोष्टी बघा. समोरून टॉर्च मारून कडेला तांबूस थर आहे का, आणि रिंग पूर्ण फिरते का की एका जागी अडकते. अडकलेली रिंग जोर करून फिरवली की एटालॉन गेला म्हणून समजा. आणि विकणाऱ्याला नुसता सूर्य दाखवायला सांगू नका, सूर्य सगळेच दाखवतात. फिलामेंट दाखवायला सांगा, मग रिंग फिरवून ते घालवायला सांगा, आणि परत आणायला सांगा. "आज ढग आहेत हो काका" म्हणाला तर चहा प्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. मी गेलो नव्हतो.